कोबीवरचा रणगाडा

प्रोखोरची नात ल्युबा लग्न होऊन स्वेर्दलोव्स्कला गेली, त्या वर्षीच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. लग्नाच्या पाहुण्यांसाठी प्रोखोरने वाफेचं न्हाणीघर तापवलं होतं. भट्टीवर दगड कमी पडले, म्हणून बायकोचा, ग्लाफिराचा, खारवलेल्या कोबीवर वजन म्हणून ठेवायचा दगडही त्याने तिथे रचला. पाणी पडताच दगड फुटला. हे त्याने बायकोला सांगितलं नाही.

पुढे थंडी पडली, चंद्र चढता झाला. आमच्याकडे कोबी चढत्या चंद्रातच खारवायचा. उतरत्या चंद्रात घातला तर मऊ पडतो, आणि मऊ कोबीवाली बाई म्हणून गल्लीभर नाव होतं. ग्लाफिराने कोबी चिरला, मीठ-गाजर चोळून पिंपात दाबला, वर लाकडी झाकण ठेवलं. आता वजन हवं, तर दगड गायब. प्रोखोर मासे धरायला गेलेला. घरात तशी जड वस्तू एकच होती. कपाटावरचा रणगाडा.

तो होता वीतभर लांब, साच्यात धातू ओतून केलेला, हिरवागार, फिरत्या बुरुजाचा. अगदी युद्धातल्या खऱ्यासारखा. खऱ्या रणगाड्यात प्रोखोर कमांडर होता आणि त्याचा दोस्त आर्खिप चालक. एकदा तो रणगाडा दलदलीत बुडाला. चूक कोणाची, यावर दोघं चाळीस वर्षं भांडले आणि शेवटी, सात वर्षांपूर्वी, बोलेनासे झाले. लग्नाला आर्खिप आला नाही, पण आपल्या कारखान्यात स्वतः ओतलेला हा रणगाडा त्याने धाडला. प्रोखोर रोज त्याच्यावरची धूळ पुसायचा.

"बस जरा," म्हणत ग्लाफिराने रणगाडा फडक्यात गुंडाळून झाकणावर ठेवला. नवऱ्याला म्हणाली, "घासायला काढलाय." आणि विसरली.

शनिवारी तार आली. "उद्या येतो. रणगाडा बघतो. आर्खिप."

ग्लाफिरा पिंपाकडे धावली. कोबीचं पाणी वर चढून रणगाडा बुरुजापर्यंत बुडाला होता. फडकं सोडलं, तर हिरवा रंग फडक्याला आणि रणगाडा पांढराफटक.

"घात केलास!" प्रोखोर ओरडला. "सात वर्षांनी माणूस दारात येतोय!"

"माझा दगड कुठाय, ते आधी सांगा!"

प्रोखोर डोकं खाजवू लागला. मग म्हणाला, "रंग आहे का घरात?"

घरात खिडक्यांचा निळा रंग तेवढा होता. रणगाडा रंगवता रंगवता दगड फुटल्याचं प्रोखोरने कबूल केलं.

रविवारी आर्खिप आला, टोपीही न काढता कपाटाशी गेला आणि रणगाडा उचलला. रंग ओला होता. दोन्ही तळवे निळे झाले.

"काय रे, आरमारात बदली झाली का याची?"

"हिवाळ्यात… तसा दिसतो तो," प्रोखोर म्हणाला.

आर्खिपने रणगाडा नाकाशी नेला. "आणि वास कोबीचा कसा?"

प्रोखोर खिडकीबाहेर बघू लागला. ग्लाफिराला राहवलं नाही. "आर्खिप सावेलिच, मी बुडवला तुमचा रणगाडा. कोबीवर ठेवला होता. यांनी माझा दगड फोडला, म्हणून."

आर्खिप मटकन बाकावर बसला. त्याचे खांदे हलू लागले. रडतोय की काय, म्हणून ग्लाफिरा पाणी आणायला वळली, तोच तो खदखदून हसला.

"पुन्हा बुडाला! प्रोश्का, पुन्हा बुडाला! आणि या खेपेला चालवायला मी नव्हतो!"

प्रोखोर बराच वेळ मिशी ओढत राहिला. "त्या खेपेलाही," तो पुटपुटला, "'सरळ घे' असं मीच म्हणालो होतो."

"काय म्हणालास? मोठ्यानं बोल, कान गेलेत माझे."

"मीच म्हणालो होतो, बहिऱ्या!"

आर्खिपने डोळे पुसले. सगळा चेहरा निळा झाला. "ग्लाफिरा, वाढ तो कोबी."

वरचा थर तिने फेकला होता, खालचा काढला. आर्खिपने घास घेतला. करकर आवाज झाला. त्याने आणखी मागितला.

"दगड आणू नकोस," जाताना तो बजावून गेला. "यालाच बसव. फक्त रंग देऊ नकोस."

तेव्हापासून दर ऑक्टोबरात रणगाडा बिनरंगाचा कोबीवर बसतो, आणि आर्खिप होता तोवर कोबी खायला येई. नवव्या वर्षी, मार्चमध्ये, नदीचा बर्फ फुटण्याआधी आर्खिप वारला. प्रोखोर त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला, कोबी घातला त्या आठवड्यात.