माणशी एक किलो शंभर ग्रॅम

गुंडप्पांनी पित्ताची सकाळची कॅप्सूल कोमट पाण्याबरोबर गिळली, चष्मा चढवला आणि पेपर उघडला. एरवी ते आधी तुरीचे भाव बघत. आज नजर आतल्या पानावरच्या एका तक्त्यावर गेली आणि तिथंच अडकली. 'कोणता देश किती बीफ खातो : माणशी, दरवर्षी.'

लातुरात गुंडप्पांची डाळमिल होती. समोर किलोचा आकडा आला की न वाचता पुढं जाणं त्यांना जमत नसे, मग तो किलो कशाचा का असेना.

"अर्जेंटिना, माणशी सत्तेचाळीस," ते मोठ्यानं वाचू लागले. "पाच जणांचं घर धरलं तर दोनशे पस्तीस. म्हंजे पन्नास किलोच्या पाच कट्ट्यांना थोडं कमी."

"एवढं ठेवत कुठं असतील?" चुरमुऱ्याच्या सुशील्याच्या ताटल्या मांडत त्यांच्या पत्नीनं, महादेवीनं विचारलं.

"अमेरिका अडतीस. जपान दहा. जपानचा माणूस एवढासा, तरी दहा." गुंडप्पांना मजा वाटायला लागली होती. "अन् भारत..." इथं मजा संपली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "भारत, माणशी एक किलो शंभर ग्रॅम."

घरात माणसं पाच. गुंडप्पा, महादेवी, गुंडप्पांची आई लक्ष्मम्मा, मुलगा रुद्रेश आणि फार्मसीला शिकणारी मुलगी तनुजा. पाचही गळ्यांत लिंग, सकाळी पाचही कपाळांवर विभूती.

"साडेपाच किलो," गुंडप्पा हळू आवाजात म्हणाले. "आपल्या घरावर साडेपाच किलो निघायलंय."

"अप्पा, ती सरासरी हाय," तनुजा म्हणाली. "त्यात म्हशीचंबी धरलंय. कुणी पाच किलो खातंय, कुणी दहा, आपण शून्य. सगळ्यांची बेरीज करायची अन् डोकी मोजून वाटायची."

"म्हंजे दुसऱ्यानं जेवायचं अन् ढेकर माझ्या नावावर?"

"तुमी न्हाई का, एक भिजका कट्टा नऊ कोरड्यांत मिसळता अन् गिऱ्हाइकाला सांगता, सरासरी माल कोरडा हाय?"

या प्रश्नाला गुंडप्पांकडं उत्तर होतं, पण ते मुलीला देण्यासारखं नव्हतं. ते उठून येरझारा घालू लागले. मिलमध्ये घट निघाली की त्यांचा नियम साधा होता : माल हवेत जात नाही, कुणीतरी नेलेला असतो. कागदावर साडेपाच किलो आहे, म्हणजे घरात कुठंतरी काहीतरी आहे.

"मला खरं सांगा," ते दारात उभं राहून म्हणाले. "ह्या घरात बाहेरचं कुणी काय खाल्लंय?"

वेळ नेमकी नको ती होती. आजच उदगीरहून संगमेशअप्पा येणार होते. त्यांच्या मुलीशी, स्वप्नालीशी रुद्रेशचं जवळपास ठरलं होतं. दोघं सहा महिने फोनवर बोलत होते, त्यामुळं त्या दोघांपुरतं तर केव्हाच ठरलं होतं. आज फक्त साखरपुड्याची तारीख धरायची होती. मागच्याच आठवड्यात गुंडप्पांनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "सात पिढ्यांत अंडंसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत आलं न्हाई."

त्या अंड्यानंच रुद्रेशला घाम फोडला. आज ना उद्या हे निघणार, त्यापेक्षा आत्ताच सांगून मोकळं व्हावं असा त्यानं विचार केला. हा विचार चुकीचा होता.

"अप्पा, मिलचे पट्टे आणायला नांदेडला गेलतो तवा स्टँडवर आम्लेट खाल्लं. एकदा." मग प्रामाणिकपणाचा झटका ओसरायच्या आत त्यानं पुस्ती जोडली, "तीनदा."

"मला ठाऊक हाय," कोपऱ्यातून लक्ष्मम्मा म्हणाल्या. "शर्टाला वास येत व्हता. मीच भिजू घातला."

"अव्वा, तू गप बसलीस?" गुंडप्पांनी आईला विचारलं.

"पोरगं उपाशी तर न्हाई ऱ्हायलं ना."

तनुजाला वाटलं, भावावरचा भार थोडा हलका करावा. "अप्पा, अंडं तर सगळ्यांनीच खाल्लंय. अव्वाच्या पंच्याहत्तरीचा केक मी आणलता ना, दुकानात बिनअंड्याचा संपला व्हता."

लक्ष्मम्मांनी हळूच कबुली दिली, "मी दोन तुकडे खाल्ले. लई मऊ व्हता."

गुंडप्पा खुर्चीत बसले. शोधायला निघाले होते साडेपाच किलो आणि सापडली होती अंडी. किलोचा पत्ता नव्हता तो नव्हताच.

"पण अंड्यानं किलो कसा भरल?" ते स्वतःशीच म्हणाले. "माल येगळा हाय."

"अहो, सोडा आता," महादेवी म्हणाली. "पाव्हणे यायलेत."

"त्येंनाच सांगावं लागल. सोयरिकीत तूट लपवायची न्हाई."

रुद्रेशनं बहिणीला स्वयंपाकघरात ओढलं. "तनू, कायबी कर. हे असलं बोलले तर संगमेशकाका चहासुद्धा घेणार न्हाईत. स्वप्नाली गेली समज."

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली. संगमेशअप्पांचं उदगिरात कापडाचं मोठं दुकान. पांढराशुभ्र शर्ट, खिशात पेन, पेनामागं एक चकचकीत पट्टी आणि जगात सगळं मीटरनं मोजता येतं असा चेहरा. शरणार्थ म्हणत नमस्कार झाले, पाणी झालं. महादेवीनं चहा ठेवला. रुद्रेश भिंतीला टेकून उभा राहिला.

"सोयरे," गुंडप्पांनी घसा साफ केला, "तारीख धरायच्या आधी एक गोष्ट कानावर घालतो. आमच्या घरावर साडेपाच किलो निघायलंय."

संगमेशअप्पांचा चेहरा उजळला. "साडेपाच? अहो, कशाला सांगायलाव. आमी काय सोनं बघून पोरगी द्यायलोत का?"

"सोनं न्हाई. बीफ."

संगमेशअप्पांनी कप बशीत ठेवला. आवाज होऊ नये म्हणून बशी टीपॉयवर ठेवली आणि मग टीपॉयपासून स्वतः थोडे मागं सरकले.

"कुणी खाल्लं?"

"कुणीच न्हाई."

"मग?"

"पेपरात हाय."

गुंडप्पांनी पेपर पुढं केला. संगमेशअप्पांनी तो दोन वेळा वाचला, एकदा चष्म्यातून आणि एकदा चष्म्याच्या वरून. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे तर सगळ्या देशाचं हाय. मग आमच्यावरबी निघतंय की."

"घरात किती जण?"

"सात."

"सात किलो सातशे ग्रॅम," गुंडप्पांनी तत्काळ सांगितलं.

"आमी उदगीरचे हाओत."

"उदगीर भारतातच हाय की."

हे मात्र संगमेशअप्पांना नाकारता आलं नाही. गुंडप्पांना एकदम पुढचं सुचलं आणि सुचलं ते बोलल्याशिवाय त्यांना राहवेना. "लग्न झालं की स्वप्नालीचा एक किलो शंभर तुमच्याकडून वजा व्हनार अन् आमच्याकडं जमा व्हनार. आमी सहा किलो सहाशेवर जातो."

"माझ्या पोरीच्या नावावर असलं कायबी बोलायचं न्हाई," संगमेशअप्पा उठून उभे राहिले. "सात पिढ्यांत अंडं न्हाई म्हनून सांगितलं अन् आता किलोत बोलायलाव. आमी निघतो."

"अंड्याचंबी सांगायचंच व्हतं," गुंडप्पा म्हणाले.

रुद्रेशनं डोळे मिटून घेतले.

या सगळ्या गडबडीत गुंडप्पांचं पित्त उसळलं. छातीत जळजळ सुरू झाली. "तनू, संध्याकाळची कॅप्सूल आत्ताच आण," ते छाती चोळत म्हणाले.

तनुजा लाल-पिवळ्या कॅप्सूलची पट्टी आणि तांब्या घेऊन आली. एक कॅप्सूल तिनं तळहातावर काढली, वडिलांपुढं धरली, भावाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि थांबली.

"अप्पा, घट सापडली."

"कुठं?"

"ही काय. हे चकचकीत टरफल कशाचं असतं, ठाऊक हाय? जिलेटिनचं. बहुतेकदा जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. वनस्पतीचं असलं तर पट्टीवर तसं छापलेलं असतं. ह्याच्यावर न्हाई."

गुंडप्पांचा पुढं आलेला हात तसाच राहिला. लक्ष्मम्मांनी मान लांब करून कॅप्सूल बघितली. संगमेशअप्पा दारापर्यंत पोचले होते, ते थांबले.

"किती वजन भरतं ह्या टरफलाचं?" गुंडप्पांनी विचारलं. घर बुडत असलं तरी पाणी किती फूट आलंय हे विचारणारा तो माणूस होता.

"एक दशांश ग्रॅम धरा."

"रोज दोन. दहा वर्षं." त्यांचे ओठ हलले. "सातशे तीस ग्रॅम. पाऊण किलोला वीस कमी."

"म्हंजे घरात खाणारा तूच निघालास की," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "अन् माझ्या केकावर बोलायलास."

गुंडप्पांनी आईकडं पाहिलं नाही. ते अजून हिशेबातच होते आणि हिशेब त्यांना सुटत नव्हता. "पण वर्षाला त्र्याहत्तर ग्रॅमच पडायलेत. किलो शंभरमधून गेले तर एक हजार सत्तावीसची तूट अजून हायच."

दारातून संगमेशअप्पा परत आले. येता येता त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला होता, तो काढला नाही. पेनामागची पट्टी हाताखाली झाकली गेली होती, तरी तिचा एक लाल-पिवळा कोपरा बोटांतून डोकावत होता. तो फक्त तनुजाला दिसला.

"सोयरे, ऱ्हाऊ द्या हिसाब," ते खुर्चीत बसत म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "औषिधाला काय धरायचं. अंड्याचंबी जाऊ द्या, पोरं खातात भायेर. कॅलेंडर आणा. तारीख धरू."

रुद्रेशनं कॅलेंडर भिंतीवरून खिळ्यासकट उपटून आणलं. पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार ठरला. महादेवीनं सगळ्यांच्या तोंडात साखर घातली. घालताना, ही तरी कशाची असेल म्हणून तीसुद्धा क्षणभर साखरेकडं बघत थबकली.

निघताना संगमेशअप्पांनी तनुजाला गाडीपाशी बाजूला बोलावलं. "पोरी, ती वनस्पतीच्या टरफलाची इथं लातुरात मिळतीया का?"

"मिळते की काका. कुणाला पाहिजे?"

"आमच्या दुकानच्या मुनीमाला. घरच्यासारखाच हाय तो."

ओट्यावर उभे राहून हात हलवत असलेल्या गुंडप्पांना ते ऐकू गेलं.

"मुनीम धरला तर आठ व्हतात, सोयरे," ते वरूनच म्हणाले. "आठ किलो आठशे."