काळूरामकाकांची रानी

मधमाश्यांना आता माणसाची गरज उरलेली नाही, असं हर्षवर्धनचं ठाम मत होतं! आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये आईचं निम्मं स्वयंपाकघर अडवून त्याने विद्यापीठासाठी एक यंत्रपेटी बनवली होती. आत पोळं, पोळ्याला ऊब देणाऱ्या तारा आणि काही बिनसलं तर मोठ्याने ओरडणारा स्पीकर. "माणसाचा हातसुद्धा लागणार नाही!" असं तो भेटेल त्याला सांगायचा. रिक्षावाल्यांनाही सांगून झालं होतं.

पेटीला जागा दिली गोखिवऱ्याच्या काळूरामकाकांनी, आपल्या वाडीत, तळ्याकाठच्या जांभळाखाली, वर गोणपाट घालून. स्पीकरमधला आवाजही त्यांचाच. वाडीत कुणी नसताना दोघांनी गुपचूप दोन वाक्यं भरून घेतली. बायकोची, जिजामावशींची, गंमत करायची म्हणून काकांनी घरी पत्ता लागू दिला नाही. आणि एक दिवस काका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हर्षवर्धन खरोखर रडला. त्या गडबडीत पेटीतला आवाज बदलायचा राहून गेला.

त्याच्या गाईड संपदामॅडम पेटी बघायला येणार तोच दिवस नेमका काकांच्या दहाव्याचा निघाला. पोळं जिवंत दिसलं तर प्रबंध पुढे, नाहीतर विषय बदल, असं त्यांनी बजावलं होतं. तारीख हलली नाही. विधी आटपेपर्यंत तो आणि मॅडम कोपऱ्यात उभे राहिले.

तळ्याकाठी पिंड मांडले. जांभळावर कावळा आला आणि नुसता बसून राहिला.

"बाबा, वाडी विकनार नाय!" मुलगा हितेश हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म.

"आयेला सांभाळीन!" तरी ढिम्म.

वारा पडला. एवढ्यात जांभळाखालच्या गोणपाटातून कुणीतरी खाकरलं. काका खाकरायचे, अगदी तसंच! मग सावकाश, ओळखीचा आवाज आला, "रानीला थंडी लागलीय... तिला ऊब द्या..."

भटजींच्या हातातली पळी खाली पडली. हितेशची बायको मनाली किंचाळून भटजींच्या मागे लपली. हर्षवर्धनच्याही अंगावर काटा आला, आणि तो आवाज त्यानेच तर भरला होता!

"रानीला थंडी लागलीय..."

"बाबा, रानीला बी सांभाळीन!" हितेश ओरडला.

"तू गप!" जिजामावशींचं रडणं एकदम थांबलं. त्या जांभळाकडे वळल्या. "ही रानी कोन? आखा जनम मला कदी इचारलं नाय, थंडी लागते का म्हनून! नि आता रानी?"

"मावशी," हर्षवर्धन कसाबसा म्हणाला, "राणी पेटीत आहे."

"पेटीत घातली तिला?!"

"माशी आहे हो! मधमाश्यांची राणी! काकांनी माझ्यासाठी आवाज भरून दिला होता."

मावशींचा चेहरा पांढरा पडला. "मेलेल्या मानसाचा आवाज पेटीत कोंडून ठेवलास? हितेश, फेक ती तळ्यात!"

हर्षवर्धन हात पसरून पेटीपुढे आडवा झाला. गोणपाट सरकलं आणि त्याला दिसलं, ऊब देणारी तार घुशीने कुरतडून टाकली होती. "फेका, मावशी, पण आधी ऊब द्या! नाहीतर मरतील त्या. काका रोज सकाळी येऊन त्यांची चौकशी करायचे."

मावशी थबकल्या. त्यांनी वाकून पेटीला कान लावला. आत बारीकसं गुणगुणणं चाललं होतं. मग अंगावरची शाल काढून त्यांनी पेटीभोवती घट्ट गुंडाळली.

"जावा आता निवांत," त्या म्हणाल्या. "तुमच्या रानीला मी बघीन."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

ऊन चढल्यावर मॅडमनी शाल बाजूला करून पेटीत पाहिलं. माश्या जिवंत होत्या.

"तुझ्या यंत्राने नेमकं काय केलं?"

"हाक मारली," हर्षवर्धन खाली मान घालून म्हणाला.

पेटीत पुन्हा कुणीतरी खाकरलं. "आता बरं हाय, जिजे."

जिजामावशींनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, कळेना.

"हे वाक्य मात्र फार सुंदर भरलंयस," मॅडम म्हणाल्या. "काढू नकोस. प्रबंध चालू ठेव."

आपण भरलेलं दुसरं वाक्य 'झाकण नीट लावा' एवढंच होतं, हे सांगायला हर्षवर्धनने तोंड उघडलं. मग त्याला प्रबंध आठवला.

"हो मॅडम," तो म्हणाला, आणि पेटीपासून जरा लांब जाऊन उभा राहिला.