मागच्या डाव्या टायरचं पानी

दत्तूभाऊ रोज सकाळी माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या टायरला पाणी घालायचे. झारीने. टायर धुवायचे नाहीत हं, पाणी घालायचे, अगदी बुडाशी. आणि मी, बी.कॉम. झालेला माणूस, ते घरी नसले की स्वतः तांब्याने घालायचो. गाडीची देखभाल म्हणून!

त्याचं असं झालं, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी वसईजवळ उमेळ्याला फ्लॅट घेतला आणि पाठोपाठ एक जुनी गाडी. लायसन्स होतं, धीर नव्हता. रिव्हर्स घेताना मी डोळेच मिटायचो. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तर आत इतकी झाकणं दिसली, की घाबरून परत लावून टाकलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "उघड, उघड. ते चावत नाय."

हे दत्तूभाऊ. आमची बिल्डिंग उभी आहे ती मुळात त्यांची वाडी. वाडीच्या बदल्यात तळमजल्याचा फ्लॅट मिळाला, तिथे ते एकटेच राहायचे. गाडी चालवता येत नव्हती, पण कधीकाळी केळ्यांच्या टेम्पोत क्लीनरशेजारी बसून वसई मार्केटला जायचे. तेवढं ज्ञान त्यांना पुरत होतं.

"आधी पानी, मग ऑइल, मग देवाचं नाव, मग चावी." मी हे वहीत लिहून घेतलं.

"भाऊ, हे झाकण पाण्याचं की ब्रेकचं?"

"वास घे."

मी वास घ्यायचो. सगळ्यांचा सारखाच यायचा. शेवटी तेच रेडिएटर भरायचे आणि उरलेली झारी त्या टायरला. "हितं विसरू नको. हितं पानी पायजेच." का, ते विचारायची माझी छाती नव्हती. तेही वहीत गेलं.

वर्षभराने सोसायटीने पार्किंगला सिमेंट घालायचं ठरवलं. सगळे खूश, भाऊ तेवढे भडकले. "सिमेंटवर गाडी तापते! इंजिन बसतं!" लोक हसले. माझा मात्र पार गोंधळ उडाला, कारण वहीत हे कुठेच नव्हतं. सरळ गॅरेजवाल्याला गाठलं. सिमेंटचं विचारलं, टायरच्या पाण्याचंही विचारलं. तो हातातला पाना टाकून हसत सुटला. "साहेब, टायरला पाणी? उगवणारेय का काय त्यातून?"

मला असा राग आला म्हणता! तडक भाऊंच्या दारात. "वर्षभर तुम्ही मला वेड्यात काढलंत?"

भाऊ झारी विसळत होते. विसळून झाली तरी विसळतच राहिले.

"तुझा टायर ऱ्हातो ना, तिथं आमच्या हिचा सोनचाफा होता," ते म्हणाले. "लग्न होऊन आली तवा लावलेला. ही गेली. मग बिल्डिंगच्या वेळेला झाड पन गेलं. मूळ आसंल खाली कुठंतरी. नुसत्या जमिनीला पानी घालताना लोक बगतात रे. गाडी असली की कोन इचारत नाय."

रागावून आलो होतो, ते कुठल्या कुठे गेलं.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. "माझ्या जागेत सिमेंट नको," म्हणालो. "मातीवर गाडी थंड राहते. इंजिन बसत नाही. मी अभ्यास केलाय." पुरावा म्हणून वहीसुद्धा वर धरली. असा हशा पिकला की विचारू नका. बायकोने कपाळाला हात लावला. सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाले, "राहू द्या यांना चिखलात!"

शेवटच्या खुर्चीवर भाऊ बसले होते. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉनेट उघडून उभा होतो. भाऊ आले आणि पहिल्यांदाच झारी माझ्या हातात दिली. मी सवयीने रेडिएटरकडे वळलो.

"आधी तिथं," भाऊ म्हणाले. "टायरवर नको रे. मुळाशी घाल."