लायलॅकला नोटीस

ज्येष्ठातल्या एका सोमवारी सकाळी नाझरसाहेब वारले. तिरडी फाटकातून निघेना, कारण वाटेत लायलॅकच्या झुडपाची फांदी होती. कोणीतरी कोयता आणला. शेजारचे गफूरभाई म्हणाले, "नोटीस दिली का?" कोयता परत गेला. आम्ही तिरडी फांदीच्या वरून उचलून नेली.

वाशीमबाहेरच्या वाचकाला हे सगळं समजावून सांगायला हवं.

नाझरसाहेबांनी तेहेतीस वर्षं कचेरीत नाझर म्हणून नोकरी केली. लोकांना नोटिसा बजावणाऱ्या चपराशांवरचा अंमलदार तो नाझर. नोकरी संपली, पण बजावणी संपली नाही. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी ती बागेत सुरू केली. कोणत्याही झाडाची कोणतीही फांदी तोडायची, तर आधी तिला नोटीस. नोटीस सुतळीनं फांदीला बांधायची, झाडासमोर उभं राहून मोठ्यानं वाचायची आणि तीन दिवसांची मुदत द्यायची. मुदतीत कोणाची हरकत आली नाही, तर चौथ्या दिवशी सकाळी स्नान करून कात्री चालवायची.

मी शाळेत मास्तर म्हणून वाशीमला आलो आणि त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला.

"लायलॅक नंबर दोन, उत्तरेकडील फांदी, हिला कळविण्यात येते की, तू आतील बाजूस वाढून शेजारील फांदीचा उजेड अडविला आहेस. सबब तुला का तोडू नये, याचे कारण तीन दिवसांत दाखवावे."

मी कुंपणावरून पाहिलं. डोक्याला पागोटं, अंगात कोट, खाली पंचा, पाय अनवाणी, आणि समोर छातीएवढं एक झुडूप. नाझरसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

"नवे मास्तर काय? बरं झालं आले. साक्षीदार पाहिजे होता. सही करा."

मी सही केली. शेजारधर्माची सुरुवात अशी झाली.

त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असे: रीतसर. जेवण रीतसर, झोप रीतसर, खोकला आला तरी आधी उपरण्याची घडी तोंडाशी धरून रीतसर. एकदा त्यांच्या पायात काटा मोडला. मी सुई घेऊन धावलो, तर म्हणाले, "थांबा. आधी पाय धुऊ द्या. रीतसर काढू."

ही लायलॅकची झुडपं आमच्याकडची नव्हेत. नाझरसाहेब कागदपत्रं घेऊन एकदा चिखलदऱ्याला गेले होते. तिथं एका साहेबाच्या बंगल्यापुढं त्यांनी ती फुललेली पाहिली. फिकट जांभळे तुरे, आणि वास असा की फाटकाबाहेरच पाऊल थांबावं. साहेबाची बदली झाली, तेव्हा मडमेनं जाताना विचारलं, नाझर, तुम्हाला काय देऊ? इतरांनी खुर्च्या मागितल्या, आरसे मागितले. नाझरसाहेबांनी मुळाशी फुटलेले तीन कोंब मागितले. घासलेटच्या डब्यात माती घालून, डबा मांडीवर घेऊन ते घरी आले.

चिखलदरा थंड हवेचा, आणि वाशीमचा उन्हाळा माहीतच आहे. पण नाझरसाहेबांनी झुडपांना उन्हाळा लागू दिला नाही. चैत्र लागला की बुंध्याशी ओली पोती आणि पश्चिमेला वाळ्याचा पडदा. बाजारात जाताना ते छत्री घेऊन निघत आणि छत्रीशिवाय परत येत, कारण छत्री वाटेतच, म्हणजे फाटकाजवळच्या नंबर एकला लावलेली असे. झुडपाला छत्री आणि धन्याच्या डोक्यावर ऊन, हे पाहायला लोक मुद्दाम त्या गल्लीनं जात.

गफूरभाई पत्र्याच्या वस्तू करत. नाझरसाहेबांना त्यांनी झारी करून दिली होती. तिची भोकं मोठी झाली म्हणून ती चार वेळा परत गेली.

"नाझरसाब," गफूरभाई म्हणाले, "इतकं बारीक पानी तं आभाळही टाकत नाही. तुमी त्या झाडाले पानी देऊन राह्यले का गुलाबदानी शिंपडून राह्यले?"

"गफूर, पाहुणं आहे ते. पाहुण्याच्या तोंडावर कोणी घागर ओतते काय?"

"पाहुना पाच वर्साचा झाला. आता काही कामधंदा सांगा त्याले."

तेच तर दुखणं होतं. पाच वर्षं झाली, पानं येत होती, फूल येत नव्हतं. दर फाल्गुनात नाझरसाहेब भिंग घेऊन फांदीन् फांदी तपासत आणि ओट्यावर येऊन बसत. मी एकदा म्हटलं, जाऊ द्या, मोगरा आहे, जाई आहे, गुलाब आहे. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मास्तर, मोगऱ्याचं काम नाही. हेच फूल पाहिजे. एकच आलं तरी चालते. पण आलं पाहिजे. एका माणसाले द्यायचं आहे, आणि ते माणूसही काही जवान नाही."

कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. रीतसर माणसाला विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

छाटणी दसऱ्यानंतर. आमच्याकडे गुलाब तेव्हाच छाटतात, म्हणून लायलॅकही तेव्हाच. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी तिन्ही झुडपांवर नोटिसा फडफडू लागत. लढाईमुळे कागद मिळेनासा झाला, तेव्हा मी शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिका देऊ लागलो. एका बाजूला फांदीवरचा आरोप आणि दुसऱ्या बाजूला गोदावरीच्या उपनद्या.

एका वर्षी गफूरभाईंची बकरी कुंपणातून शिरली आणि तिनं नंबर तीनवरची नोटीस खाल्ली. मुदतीचा तिसरा दिवस होता. नाझरसाहेबांनी धार लावायला काढलेली कात्री खाली ठेवली.

"बजावणी झाली नाही. पुन्हा तीन दिवस."

"अहो, झाली ना तामील!" गफूरभाई म्हणाले. "बकरीनं घेतली. पोटात आहे तिच्या. तिच्याच नावानं लिहा."

"बकरी पक्षकार नाही."

"मंग पानं कोन खाते? मीच खातो काय?"

नाझरसाहेबांनी नवी नोटीस लिहिली आणि बकरीला वेगळी ताकीद दिली. तीही वाचून दाखवली. बकरीनं ऐकून घेतलं, असं त्यांचं म्हणणं.

घरात नाझरसाहेबांखेरीज एकच माणूस होतं. त्यांची धाकटी बहीण, गोदाआक्का. बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. आता पंचावन्नच्या पुढच्या. लाल आलवण, डोक्यावर पदर ओढलेला, आणि महिन्याच्या महिन्याला मागल्या दारी न्हावी. त्या पुढच्या ओट्यावर कधी आल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्या खिडकीसमोरच नंबर दोनचं झुडूप होतं.

गेल्या दसऱ्यानंतर नोटिसा लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नाझरसाहेब झोपले होते. खिडकीतून हाक आली.

"मास्तर, लिहून देता का काही?"

"काय लिहू आक्का?"

"हरकत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"हो, हरकत. इतकी वर्सं वाचून राह्यला तो, कोनाची हरकत असल्यास, कोनाची हरकत असल्यास. माझी आहे. ह्या खिडकीपुढच्या फांदीची."

मी लिहून दिलं. आक्कांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी कंदिलाची काजळी अंगठ्याला लावली आणि माझ्या कागदावर उठवली. त्या कागदाच्या मागे सिंहगडची लढाई होती.

चौथ्या दिवशी सकाळी नाझरसाहेब स्नान करून, कोट घालून, कात्री घेऊन आले. मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावला, एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. तेहेतीस वर्षं नोकरीत आणि आठ वर्षं बागेत त्यांनी हरकती मागवल्या होत्या. बागेतली ही पहिली. त्यांचा चेहरा मुलाला पहिलं बक्षीस मिळालेल्या बापासारखा झाला.

"सुनावणी घ्यावी लागते," ते म्हणाले. "रीतसर."

सुनावणी खिडकीपाशी झाली. नाझरसाहेब बाहेर स्टुलावर, आक्का आत गजांमागं, मी कागद धरून उभा. गफूरभाई कुंपणावर टेकून होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"हरकतदार हजर?"

"हजर नाही तं काय पंढरपूरले गेली?" आक्का आतून म्हणाल्या. "भाजी चुलीवर आहे. लवकर इचार."

"हरकतीचं कारण?"

"फांदी धड आहे. कोनाच्या आड येत नाही. राहू दे."

"ती शेजारच्या फांदीत घुसते. नोटिशीत लिहिलं आहे. फांदी धड आहे हे कारण पुरत नाही, गोदे. ठोस कारण पाहिजे. कारणाशिवाय तोडायचं थांबवता येत नाही."

आत पळी ठेवल्याचा आवाज झाला.

"दादा, माझ्या येळेस कोणतं कारण दाखवलं होतं? न्हाव्याले बलवाले तूच गेला होता. मले इचारलं होतं का कोनी, तुही हरकत आहे का म्हणून? केस तं धडच होते."

गफूरभाई कुंपणावरून बाजूला झाले आणि घरात गेले. मी कागदाकडे पाहत राहिलो. नाझरसाहेब स्टुलावरून उठले. मग त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, टाक मागितला, आणि अंगठ्याखाली लिहिलं: हरकत मंजूर. तारीख घालायला विसरले. मी त्यांना तारीख विसरताना पहिल्यांदा पाहिलं.

बाकीच्या फांद्या छाटल्या गेल्या. ती एक राहिली.

त्या वर्षी पौषात अशी थंडी पडली की शेतातल्या तुरी करपल्या. फाल्गुनात एका सकाळी नाझरसाहेब पागोट्याशिवाय माझ्या दारात आले. त्यांनी मला हात धरून नेलं. राहिलेल्या फांदीच्या टोकाला एक तुरा होता. बोटभर. फिकट जांभळा. वास घ्यायला नाक अगदी जवळ न्यावं लागत होतं, पण होता.

मी शाळेतल्या कपाटात इंग्रजी बागकामाचं एक जुनं पुस्तक शोधलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: या झुडपाच्या पुढल्या वर्षीच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर आधीच धरलेल्या असतात. छाटायचं ते फूल गळून गेल्याबरोबर. नंतर छाटलं, तर कळ्याच कापल्या जातात. मी ते वाचून दाखवलं.

"म्हणजे," नाझरसाहेब म्हणाले, "इतकी वर्षं मी चूकच केली. पण रीतसर केली."

आणि हसले. मग डोळे पुसले.

तुरा त्यांनी कापला. त्याला नोटीस दिली नाही. पितळेच्या वाटीत घालून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मी ओट्यावर होतो, ऐकू येत होतं.

"गोदे, हे घे."

"मले? मले कायले? देवाले वाहा."

"देवाले चालत नाही. पोथ्या पाह्यल्या मी. जोशीबुवाले इचारलं. हे फूल कुठंच नाही. देवाले वाहावं असं लिहिलं नाही, सवाष्णीनं माळावं असं लिहिलं नाही, विधवेनं हाती घेऊ नये असंही लिहिलं नाही. शास्त्राच्या दफ्तरात याची नोंदच नाही. म्हणून तं आणलं होतं. चिखलदऱ्याले पाह्यलं, मडमेले इचारलं, हे कोणत्या देवाचं? ती म्हणे, कोणाचंच नाही. म्हटलं, मंग हेच पाहिजे."



"वास येते रे दादा," आक्का म्हणाल्या.

पुढल्या आठवड्यात न्हावी नेहमीप्रमाणे मागल्या दारी आला आणि त्यानं धोकटी उघडली. नाझरसाहेब पुढून उठून मागं गेले. त्यांनी विचारलेलं सगळ्या गल्लीनं ऐकलं, कारण नोटीस वाचायच्या आवाजातच त्यांनी विचारलं.

"गोदे, हजाम आला आहे. तुझी काही हरकत?"

"आहे," आक्का म्हणाल्या.

न्हाव्याला चहा देऊन परत पाठवलं. त्यावरून गल्लीत खूप बोललं गेलं. जोशीबुवा दोनदा समजवायला आले. दोन्ही वेळा नाझरसाहेबांनी त्यांना लेखी द्या म्हणून सांगितलं. त्यांनी लेखी दिलं नाही.

ज्येष्ठात नाझरसाहेब गेले. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीत पाणी साचून दोन झुडपांची मुळं कुजली. खिडकीपुढचं पानांवर आहे. यंदा ते कोणी छाटलेलं नाही. आक्का आता पुढच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांचे केस पांढरे आहेत आणि कानापर्यंत आले आहेत.