मेखलेच्या खुरातले पाच दाणे

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. त्यात जंगलाचा काही दोष नव्हता.

शाळा वडाखाली भरे. सांबर गुरुजी शिकवत. त्यांचा वाघाचा धडा फार नावाजलेला होता. तो सात दिवस चाले, आणि तो शिकलेली पोरं म्हातारी होऊन मरत.

पण अलीकडे शाळेसमोरच्या कातळावर झुंबर नावाचा एक वानर खेळ करू लागला होता. एक उडी, एक वेडंवाकडं तोंड, शेपटीला एक हिसका, की खेळ संपला. पान फांदीवरून जमिनीवर पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. लगेच दुसरा खेळ. आवडला तर पोरं खूर आपटत. नाही आवडला तर ओरडत, "पुढे."

ही सवय मग शाळेत आली. गुरुजींनी "वाघाला चार पाय असतात" म्हटलं, की मागच्या रांगेतून आवाज येई, "पुढे."

मेखला नावाची एक हरिणी त्या मागच्या रांगेत बसे. तिला नुकतं चौदावं लागलं होतं, म्हणजे हरिणांच्या हिशेबाने. सकाळी प्रार्थनेला उशिरा यायचं, मधल्या सुट्टीत डब्यातला पाला मैत्रिणीला द्यायचा आणि कातळाकडे पळायचं, घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" याला "काही नाही" म्हणायचं, असा तिचा दिवस.

तिच्या आईचं नाव चंद्रकला. फार व्रतस्थ बाई. मेखलेचं कशातच मन टिकेना, म्हणून तिने वनदेवीचे सोळा शुक्रवार धरले. मागणं एवढंच, की माझ्या लेकीने एक गोष्ट, कुठलीही एकच, शेवटपर्यंत ऐकावी.

व्रताची रीत अशी. सांगणारीने सकाळपासून उपाशी राहायचं. ऐकणारीने खुराच्या फटीत गवताच्या बियांचे पाच दाणे धरायचे आणि देवीची कहाणी ऐकायची. कहाणी संपली की दाणे वाहायचे, मग सांगणारीने तोंडात घास घालायचा. ऐकणारी मध्येच उठली तर त्या दिवशी घास नाही.

पहिल्या शुक्रवारी चंद्रकलेने सुरुवात केली. "ऐक वनदेवी तुझी कहाणी. आटपाट कुरण होतं. तिथे एक राणी होती. तिच्या अंगावर चांदण्यांसारखे ठिपके होते..."

"आई, पुढे."

"अगं, ठिपके झाले की लगेच पुढेच आहे."

मेखला उठली. दाणे मातीत सांडले. चंद्रकला उपाशी निजली.

दुसऱ्या शुक्रवारी तसंच झालं, तिसऱ्याला तसंच. चौथ्या शुक्रवारी शेजारची ससेवहिनी डोकावली.

"काय हो चंद्रकलाबाई, बरगड्या दिसायला लागल्या की तुमच्या."

"कहाणी पुरी होत नाही, वहिनी."

"मग लहान करा. आमच्याकडे मुलांना कुणी एवढं लांबण लावत नाही. ताण येतो त्यांना. आम्ही गुरुजींनाही तेच सांगितलंय."

खरंच सांगितलं होतं. पालकांची सभा भरली होती आणि वाघाचा धडा सात दिवसांवरून एका दिवसावर आला होता. पुढच्या सभेत तो पान पडण्याइतका झाला. आता गुरुजी म्हणत, "वाघ हा एक देखणा प्राणी आहे. त्याला पट्टे असतात. शाबास." पोरं खूर आपटत. गुरुजींना इतक्या वर्षांत कुणी खूर आपटले नव्हते. त्यांना बरं वाटू लागलं होतं.

चंद्रकलेनेही मनावर दगड ठेवला. आधी राणीचे ठिपके काढले. मग कुरणाचं वर्णन काढलं. वारा पडलेला असताना गवत हललं तो भाग तर फारच लांब होता, तो काढला. राणी बघत उभी राहिली, तिची लेक ओढ्यापलीकडे पळाली, हेही काढलं. दर शुक्रवारी देवीला हात जोडून म्हणायची, "एवढ्या खेपेला चालवून घे माय." देवी काही बोलत नसे. भूक तेवढी बोलायची.

सोळाव्या शुक्रवारी कहाणी अशी झाली: "एक होती राणी. ती सुखी झाली."

उद्यापनाला सगळी शाळा बोलावली होती. जागा कातळापाशी ठरली, कारण दुसरीकडे कुणी आलंच नसतं. ऐन दुपार होती. झुंबर झाडावर बसून अंग मोकळं करत होता. पोरं प्रसादावर एक डोळा आणि झुंबरवर एक डोळा ठेवून बसली होती.

मेखलेने खुराच्या फटीत पाच दाणे धरले. चंद्रकला म्हणाली, "एक होती राणी. ती सुखी झाली."

मेखलेने सगळं ऐकलं. अगदी शेवटपर्यंत. चंद्रकलेच्या डोळ्यांत पाणी आलं. मेखलेने दाणे वाहायच्या आतच तिने घास उचलला, आणि तो तोंडाशीच थांबला.

वारा पडलेला होता. पानही हलत नव्हतं. आणि कातळामागचं गवत हलत होतं.

झुंबरने वरून पाहिलं. तो फांदीवर आडवातिडवा उड्या मारायला लागला. "खॉक, खॉक, खॉक."

"नवीन आहे," पोरं म्हणाली. सगळ्यांनी खूर आपटले. एवढे खूर झुंबरला जन्मात पडले नव्हते.

"मेखला, चल," चंद्रकला म्हणाली.

"थांब ना आई. आत्ता तर रंगलंय."

"ओढ्यापलीकडे जायचंय. दाणे सांडू नकोस."

"कहाणी तर संपली की."

चंद्रकलेने लेकीकडे पाहिलं. ओढून नेण्याइतकी ताकद अंगात नव्हती, सोळा शुक्रवार गेले होते त्यात. मग ती हळूच म्हणाली, "मी खोटं सांगितलं तुला. राणी सुखी झाली नाही. ती मेली."

मेखलेची मान वळली.

"मेली? मग सुखी कोण झालं?"

"तिची लेक."

"राणी मेली कशी?"

"पळता पळता सांगते," चंद्रकला म्हणाली, आणि पळाली.

मेखलेने एकदा झुंबरकडे पाहिलं, एकदा आईच्या पाठीकडे. मग तीही सुटली. आई धापा टाकत सांगत होती, की वारा नव्हता आणि गवत हललं, राणी बघत राहिली, बघणाऱ्याचे पाय जड होतात. मेखला मागून विचारत होती, "मग? मग काय झालं?" असं तिने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

मागे एकदाच खूप मोठा आवाज झाला. नंतर खुरांचा आवाज आला नाही.

ओढ्यापलीकडे कहाणी पुरी झाली, ठिपक्यांसकट. मेखलेच्या खुरात एकच दाणा उरला होता. तो तिने वाहिला. चंद्रकलेने जवळची चार पानं तोडून खाल्ली. देवीने बहुधा एकावरच समाधान मानलं.

सोमवारी शाळा भरली. गुरुजींनी हजेरी घेतली, तर अकरा जण गैरहजर. दुपारी पालकांची सभा झाली. मुलांची शाळेतली गोडी कमी झाल्याने हजेरी घटली आहे, सबब वाघाचा धडा आणखी लहान करावा, असं ठरलं. पट्ट्यांचं वाक्य गाळलं. झुंबरचा "खॉक खॉक" सगळ्यांना फार आवडला होता, म्हणून तो रोज प्रार्थनेनंतर करायचं ठरलं.

मेखला उठून उभी राहिली. "गुरुजी, मला आख्खा धडा येतो. सांगू?"

गुरुजींनी मान खाली घातली. ससेवहिनी म्हणाली, "सांग की बाळ. किती वेळ लागेल?"

"एक दुपार."

सगळी सभा एका आवाजात म्हणाली, "पुढे."

तर बाळांनो, बसलात अजून? का खेळायला गेलात? जे कुणी उरलं असेल त्याच्यासाठी सांगते.

तात्पर्य: मुलांना गोष्ट कधीही पुरती सांगू नये. वाघिणीलाही भुकेली लेकरं असतात, आणि तीही कुणाला तरी नवस बोललेली असते.