मेजरबाईंचं मेडल

मेजरबाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी थेट स्वयंपाकघरात शिरतात. शेगडीकडे, प्लगकडे आणि मग आपल्याकडे संशयाने बघतात.

"काही जळून राह्यलं काय वं?"

नाही म्हटलं तरी पटत नाही. "नीट हुंगून पाह्य!"

एकदा माझी भाजी करपली, सगळी गल्ली खोकत होती. बाई मात्र शेगडीजवळ बसून हेच विचारत होत्या.

राजुऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या या बाई लष्करी इस्पितळातून मेजरच्या हुद्द्यावर नर्स म्हणून निवृत्त झाल्या. शौर्याचं मेडल मिळालंय म्हणतात. पाहिलं कोणीच नाही. त्यामुळे गल्लीलाही त्यांचा संशय.

"लढाई नाई, काई नाई, मेडल काहाचं?" समोरचे गजाननभाऊ विचारायचे. खरं सांगते, मलाही शंका होतीच.

गजाननभाऊंच्या मुलीच्या लग्नात बाईंनी मांडवातली एक वायर पाहिली आणि ऐन मंगलाष्टकात मेन स्विच पाडला. पंखे बंद, माईक बंद.

"खोटं मेडल सांगून रुबाब करून राह्यल्या!" गजाननभाऊ सगळ्यांसमोर ओरडले.

बाई न जेवता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले आणि सरळ विचारलं, "बाई, मेडल खरं आहे?"

त्यांनी कपाटातून डबी काढून माझ्या हातात दिली. मेडल खरं होतं.

"वॉर्डाले आग लागली होती. अकरा पेशंट काढले म्या. बारावा पोरगा, दोन्ही पाय प्लास्टरात. म्हणे, सिस्टर, पह्यले बाजूवाल्याले न्या. म्या म्हटलं, आलीच. परत गेली तं छत खाली आलं होतं." त्यांनी डबी परत घेतली. "त्या धुरानं नाक गेलं. आता कशाचाच वास येत नाई. मंग विचारा लागते."

टेबलावर एक पाकीट होतं. त्या पोराच्या आईला त्या दरवर्षी पत्र लिहितात. उत्तर एकदाही आलेलं नाही.

"पत्ता लिहून दे. हात थरथरते माहा."

मी लिहिला. त्यांनी पिनकोड दोनदा तपासला, पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"मी टाकते पोस्टात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "टाकशीन ना नक्की? नाई तं... आपण दोघीच जाऊ ना."

मी हो म्हणायच्या आतच त्यांनी चपला घातल्या होत्या.