सबनीसांची लाल फुली

आमच्या नव्या गाडीच्या हारातले झेंडू अजून सुकलेही नव्हते, तेवढ्यात सबनीसांनी तिच्या चारही चाकांवर लाल खडूने फुल्या मारल्या. मी ऑफिसला निघालो होतो. हातात डबा, गळ्यात टाय. "अहो काका, हे काय?" म्हणून ओरडलो. सबनीस चाकाशी उकिडवे बसले होते. ते उठलेसुद्धा नाहीत.

"रिजेक्ट," ते म्हणाले. "हवा जास्त आहे. शोरूमवाल्याने ठासून भरली आणि तुम्ही तशीच घरी आणलीत. तयारी कुठाय, देवधर?"

सबनीसांविषयी मला शांतपणे लिहिता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांचं नाव काढलं की माझं डोकं तापतं. हवा खरंच जास्त होती, हे पंपावर गेल्यावर कळलं आणि त्यामुळे ते आणखी तापलं. बरोबर असणारा माणूस इतका असह्य का असावा, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

हा गृहस्थ जन्मभर गुडगावच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासत होता. वाईट भागावर लाल फुली, चांगल्या भागावर काही नाही. "चांगल्याला कशाला खूण लागते? तो पुढे जातो," असं ते सांगायचे. कारखान्याने त्यांना निवृत्त केलं, खडूला करायचं मात्र राहून गेलं. तेव्हा गुडगावचं गुरुग्राम झालं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या एका अंगाला मोहरीचं शेत होतं, दुसऱ्या अंगाला नवा टॉवर चढत होता, आणि वीज दिवसातून इतक्यांदा जायची की जनरेटरचा आवाज थांबला तर लहान मुलं दचकून उठायची. आम्हा सगळ्यांची नोकरी नवी, फ्लॅट नवा, गाडी नवी. सबनीसांना तपासायला रान मोकळं होतं. लिफ्टच्या दारावर फुली. वॉचमनच्या खुर्चीवर फुली. सेक्रेटरीच्या स्कूटरवर तर दोन.

गणपतीत माझ्या बायकोने, मंजिरीने, आयुष्यात पहिल्यांदा उकडीचे मोदक केले. दिल्लीत वाढलेली मुलगी, पुण्याला माझ्या आईला फोन लावून लावून तिने ते जमवले होते. सबनीसांनी आरतीनंतर एक मोदक दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर उजेडात फिरवला. "पाकळ्या सारख्या नाहीत. रिजेक्ट," म्हणाले, आणि मग तोच मोदक खाल्ला. वर आणखी तीन मागून घेतले. मंजिरी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी त्या दिवशी त्यांच्याशी कायमचं बोलणं टाकलं. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा सुरू करावं लागलं.

त्यांची स्वतःची एक जीप होती. लष्कराच्या लिलावातून घेतलेली, पार्किंगच्या कोपऱ्यात हिरव्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली. मागे पाण्याचे कॅन, फावडं, जाडजूड दोर, वाळूत चाकाखाली घालायच्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या. दर रविवारी ताडपत्री निघायची, जीप पुसली जायची, इंजिन जरा वेळ घुरघुरायचं आणि ताडपत्री परत चढायची. या माणसाने अर्धं राजस्थान पालथं घातलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यामुळे वरच्या मजल्यावरचा चढ्ढा जेव्हा म्हणाला, "यार देवधर, इतनी बडी गाडी ली है, कभी रेत में तो उतार," तेव्हा आमचं ठरलं, की नाताळच्या सुट्टीत दोन गाड्या, दोन कुटुंबं, जैसलमेरच्या पुढची वाळू. आणि सबनीसांना पत्ता लागू द्यायचा नाही.

रविवारी सकाळी ते पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरून आमची वाट पाहत होते. कुणी सांगितलं, ते आजतागायत कळलेलं नाही.

"नेणार ते सगळं इथे मांडा," त्यांनी फर्मान काढलं. आणि आम्ही, दोन शिकलेसवरलेले बाप्ये, मुकाट्याने मांडायला लागलो. कॅरम बोर्ड रिजेक्ट. चढ्ढाची कोळशाची शेगडी रिजेक्ट. त्याचा भला मोठा स्पीकर पाहून तर सबनीसांना ठसकाच लागला. "गाना सुनने जा रहे हो, कि जिंदा वापस आने?" चढ्ढा हसला. त्याला सबनीस आवडायचे. मला चढ्ढाचाही राग यायला लागला.

"जॅक कुठाय?"

मी अभिमानाने दाखवला.

"आणि त्याखाली घालायची फळी?"

"फळी कशाला?"

"वाळूत जॅक लावलात तर गाडी वर येईल, की जॅक खाली जाईल? बोला ना!" मी जॅक पिशवीत घालायला लागलो. "रिजेक्ट," ते म्हणाले. या वेळी जॅककडे न बघता, माझ्याकडे बघून. बायकोपोरांसमोर!

तेवढ्यावर भागलं नाही. त्यांना रंगीत तालीम हवी होती. शेजारच्या टॉवरच्या बांधकामासाठी वाळूचे ढीगच्या ढीग पडले होते. सबनीसांनी चढ्ढाची गाडी त्यात घालायला लावली. त्याने जोशात ॲक्सिलरेटर दाबला, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटापर्यंत रुतली. सगळी सोसायटी गॅलरीत आली. मुकादम काठी घेऊन धावत आला. "ओ भाईसाहब! मकान की रेत है ये, मेला लगा रखा है क्या?"

"दबाओ मत! हवा निकालो पहले!" सबनीस त्याच्या वरताण ओरडत होते. "टायर नरम पडला की पसरतो, पसरला की वाळूवर तरतो. देवधर, फावडं घ्या! बघताय काय?"

मी फावडं घेतलं. नव्या पँटीत वाळू, बुटांत वाळू, दातांखाली वाळू. खणताना मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. हवा काढली, पट्ट्या घातल्या, आणि गाडी अलगद बाहेर आली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. चढ्ढा भारावून गेला. "वाह अंकल! आप खुद कितनी बार गए हो डेझर्ट में?"

"एक बार भी नहीं," सबनीस म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कैसे जाता? तैयारी कहाँ हुई थी?" असं म्हणून ते आपल्या जीपवर ताडपत्री चढवायला निघून गेले.

घरी येऊन मी बुटातली वाळू बेसिनमध्ये झटकत थयथयाट केला. "ज्याने वाळवंटाचं तोंडही पाहिलं नाही, त्याच्यापुढे मी कवायत केली! पोरांचा कॅरम याने काढून टाकला! काय समजतो काय स्वतःला हा म्हातारा?"

मंजिरीने मला पूर्ण ओरडू दिलं. मग म्हणाली, "नलूकाकूंना जायचं होतं रे."

सबनीसांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली होती. लहानखुरी, हसरी बाई. मला एवढंच आठवत होतं.

"वाळवंट बघायचं खूळ त्यांचं," मंजिरी म्हणाली. "त्यांच्यासाठीच काकांनी जीप घेतली. दर थंडीत ठरायचं, आणि दर थंडीत काकांना काहीतरी सापडायचं. कधी फॅनबेल्ट, कधी पाइप. शेवटच्या वेळी तर सामान चढलं होतं. काकूंनी दशम्या केल्या होत्या, काकांच्या हातावर दही घातलं होतं, स्वतः जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या. आणि काकांना मागच्या चाकातून कसलातरी आवाज आला. बॉनेटवर फुली मारून म्हणाले, पुढच्या थंडीत. दोघांनी त्या दशम्या वर येऊन जेवणाच्या टेबलावर खाल्ल्या. पुढची थंडी काकूंना मिळालीच नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला संताप आला. हातावर दही घेतलेला माणूस उंबऱ्यातून मागे फिरतो? चाकाच्या आवाजासाठी? आवाज येत असेल तर येऊ दे की, गाडी काढा!

"मी त्यांना सांगून आलेय," मंजिरी म्हणाली. "तेपण येतायत."

"कोण येतंय?"

"तीन गाड्या जातील. आणि तू एक शब्द बोलणार नाहीयेस."

निघायच्या पहाटे धुकं इतकं होतं की चढ्ढाची गाडी फक्त ऐकू येत होती. सबनीसांची जीप ताडपत्रीतून बाहेर आली होती, फाटकाकडे तोंड करून उभी होती. ते मात्र मागच्या चाकाला कान लावून बसले होते. खिशातून खडू निघाला. मी दात आवळले.

"आवाज येतोय," ते म्हणाले. "तुम्ही लोक व्हा पुढे. पुढच्या थंडीत बघू."

मंजिरी दह्याची वाटी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "काका, हात पुढे करा."

"अगं, आवाज..."

"येऊ दे. हात पुढे करा म्हणते ना!" मंजिरी माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडू शकते, हे मला त्या पहाटे कळलं. सबनीसांनाही कळलं असावं. ते वाटीकडे बघत राहिले. मग खडू डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला. दही खाऊन झाल्यावर त्यांनी हात रुमालाला पुसला, आणि जाता जाता त्याच रुमालाने, दर रविवारी पुसायची टाळलेली बॉनेटवरची जुनी, फिकट फुलीही पुसली.

वाटभर त्यांनी आमचा जीव खाल्ला. ढाब्यावर थांबलो की टायर, पेट्रोल भरलं की टायर. माझ्या टपावरचं सामान त्यांनी भर रस्त्यात सोडून पुन्हा बांधायला लावलं. जैसलमेरच्या पुढे डांबर संपलं, तिथे सगळ्यांना उतरवून चाकांतली हवा काढून घेतली, आणि मग, मला वाटतं पहिल्यांदाच, काही न बोलता ते जीपमध्ये बसले आणि सगळ्यांच्या आधी वाळूत उतरले. जीप रुतली नाही. एका टेकाडावर चढून ती थांबली आणि तिथेच उभी राहिली. दारही उघडेना.

आता काय रिजेक्ट झालं, म्हणून मी तणतणत वर गेलो. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. समोर नुसती वाळू, पार आभाळापर्यंत. शेजारच्या सीटवर नलूकाकूंची उन्हाची टोपी होती. हलू नये म्हणून पट्ट्याने नीट बांधलेली.

"हे तिला बघायचं होतं," सबनीस म्हणाले. "सगळं पास होतं हो तिचं. स्वयंपाक, संसार, बोलणं. एकूण एक पास."

"मग काकूंना सांगितलंत का कधी?" माझा आवाज चढलाच. मला खरोखर राग आला होता.

त्यांनी मान हलवली. "पास मालाला खूण नसते ना, देवधर."

तेवढ्यात मंजिरी धापा टाकत वर आली. तिच्या हातात डबा होता. आईला फोन लावून लावून तिने दशम्या केल्या होत्या. मी सकाळी एक खाल्ली होती. कडक झाली होती, कडेला करपली होती. तिने एक सबनीसांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, करपलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मंजिरीने खाली बघितलं. मी मुठी वळल्या. आता जर हा माणूस तो शब्द बोलला असता, तर मी त्याला त्याच्याच फावड्याने तिथे पुरलं असतं.

त्यांनी घास तोडला. बराच वेळ चावत राहिले.

"चांगली झालीय, मंजिरी," सबनीस म्हणाले. खूप मोठ्याने म्हणाले, खाली उभ्या असलेल्या चढ्ढालाही ऐकू गेलं. "फार चांगली झालीय."

आणि हात पुढे करून त्यांनी आणखी एक मागितली.